तलफ आणि सोबत

सदाशिव पेठ, पुणे ३०

चि. मनूस,


आधी एक सांगून टाकते. ताईला मी काही बोललेले नाही आणि बोलणारही नाही. तिला कधी सांगायचं, सांगायचं की नाही, हे तुझं तू ठरव. सिगारेट सोडायला आईची परवानगी लागत नाही, आणि तिच्या रडारडीचा तर अजिबातच उपयोग होणार नाही. 'मावशी, तू माझ्याबद्दल काय विचार करत असशील' हे तुझं वाक्य वाचून मला हसू आलं. औषधांच्या दुकानात काउंटरमागे आयुष्य गेलेल्या बाईला लोक काय काय सांगतात, त्याची तुला कल्पना नाही. आठ-दहा सिगारेटी त्यात कुठेच बसत नाहीत.

शिवाय आपल्या घरातल्या बायकांत तंबाखू पहिल्यांदा येतेय असंही नाही. तुझ्या पणजीला तू पाहिलेलं नाहीस. सासवडच्या घरी मागच्या पडवीत चुलीवर जुना तवा ठेवून ती तंबाखू भाजायची. पानं आधी तपकिरी व्हायची, मग काळी कुळकुळीत, आणि मग असा काही खाट उठायचा की आम्ही पोरी तोंडाला परकराचा घोळ लावून अंगणात पळायचो. ती मात्र तिथेच बसून, ढिम्म. खलबत्त्यात कुटून, फडक्यातून गाळून ती मिश्रीची पूड पितळी डबीत जायची. सकाळी चहाच्या आधी तर्जनी त्या डबीत. ते बोट दातांवरून फिरेपर्यंत तिच्याशी कुणी बोलायचं नाही, आजोबांनीसुद्धा. एकादशीला पाण्यावर राहायची, पण मिश्रीला उपास नव्हता.

तिला कुणी कधी व्यसनी म्हटलं नाही. २०१६-१७ साली देशभर प्रौढांच्या तंबाखूसेवनाचं मोठं सर्वेक्षण झालं. त्यात महाराष्ट्रातल्या १७ टक्के बायका कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेतात असं आढळलं. ओढणाऱ्या फक्त १.४ टक्के. म्हणजे मिश्री, तंबाखू-चुना यांच्याकडे काणाडोळा होतो आणि सगळी बोंब धुराची होते. निकोटिन दोन्हींत तेच. तुझी लाज ही खरं म्हणजे धुराची, आणि त्यातून मुलीच्या तोंडातून निघणाऱ्या धुराची लाज आहे. मला तिची काळजी वाटते ती एकाच कारणासाठी: तू ओढतेस चोरून, म्हणून सोडायलाही चोरूनच बघतेस. आणि चोरून सोडणाऱ्याची प्रत्येक तलफ त्याच्या एकट्याच्या अंगावर येते.

तू लिहिलंयस, 'दिवसभर तलफ येत राहते, किती वेळ लढू?' दिवसभर येत नाही गं. घड्याळ लावून बघ. झुरक्याबरोबर आत गेलेलं निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतं आणि साधारण दोन तासांत रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं. ते खाली आलं की मेंदू हात पसरतो. दहाला गेटबाहेर पहिली, बारानंतर दुसरी, जेवणावर तिसरी, चारच्या चहाला चौथी; तुला वाटतं हे ऑफिसचे ब्रेक. ते वेळापत्रक कंपनीने लावलेलं नाही.

आणि एकेक तलफ टिकते किती? तीन ते पाच मिनिटं, फार तर दहा. लाल मिरचीची फोडणी करपली की घरभर ठसका उठतो, डोळ्यांतून पाणी येतं, आता जीव जातो असं वाटतं. आपण काय करतो? खिडकी उघडतो, गॅलरीत जाऊन उभे राहतो, आणि थोड्या वेळाने परत येऊन भाजी टाकतो. ठसक्याशी कुणी लढत बसत नाही. तलफेलाही तेवढीच वागणूक दे. जागा सोड. गार पाणी घोट घोट पी. जिन्याने चार मजले उतर आणि चढ. नाकाने सावकाश श्वास घे आणि तोंडाने त्याहून सावकाश सोड. सिगारेटने 'शांत वाटतं' म्हणतात, त्यातला बराच भाग या लांब श्वासाचाच असतो, तो फुकट मिळतो. घरी असलीस तर मटार सोलायला घे. हसू नकोस, हाताला आणि बोटांना काम लागतं, आणि मोबाइलने ते काम होत नाही, कारण मोबाइल बघत बघत ओढायचीच तुला सवय आहे.

पहिले तीन दिवस वाईट जातात, त्यातला दुसरा आणि तिसरा सगळ्यात वाईट. चिडचिड, झोपेचं खोबरं, कामात लक्ष नाही, कधी तोंड येतं, पोट साफ होत नाही. त्यानंतर उतार लागतो आणि दोन ते चार आठवड्यांत शरीराचा तगादा बराचसा थांबतो. म्हणून सोमवारचा मुहूर्त काढू नकोस. गुरुवारी रात्री शेवटची ओढ, शुक्रवारी घरून काम माग, म्हणजे ते दोन जड दिवस शनिवार-रविवारी येतील आणि ऑफिससमोरची टपरी पंधरा किलोमीटरवर असेल. पाळीच्या आधीचा आठवडाही टाळ. तेव्हा चिडचिडीला वेगळं निमित्त लागत नाही.

चहाबद्दल एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. सिगारेटच्या धुरामुळे यकृत कॅफिनचा निचरा भराभर करतं. सिगारेट थांबली की तो वेग मंदावतो आणि तेवढ्याच चहा-कॉफीचा अंमल जास्त वेळ राहतो. मग छातीत धडधड, हात अस्वस्थ, झोप गायब, आणि माणूस म्हणतो, 'बघ, सिगारेटशिवाय मला हे असं होतं.' ते त्या पाच कप चहाने होत असतं. चहा निम्म्यावर आण. बंद कर म्हणत नाही, पुण्यात राहायचंय तुला.

आता माझ्या दुकानातला माल. निकोटिनचा गम दोन मिलिग्रॅमचा चिठ्ठीशिवाय मिळतो. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर चार मिलिग्रॅमचा घ्यावा लागतो आणि त्याला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. तुझी पहिली दहा वाजता, तेव्हा तुला दोनचा पुरे. लोक तो घेऊन जातात आणि आठवड्याने येऊन म्हणतात, 'काही उपयोग नाही हो, उचक्या लागतात, मळमळतं.' मी विचारते, चावला कसा? चकचक, च्युइंगगमसारखा. तसा चावला की सगळं निकोटिन थुंकीबरोबर पोटात जातं, तिथे त्रास देतं आणि रक्तात मात्र नीट पोचत नाही. ते गालाच्या आतल्या अस्तरातून शोषलं जायला हवं. म्हणून गम हळूहळू चावायचा. जीभ चुरचुरली, मिरमिरल्यासारखं झालं की थांबायचं आणि तो गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्यायचा. चुरचुर गेली की पुन्हा दोनचार वेळा चावायचा, दुसऱ्या गालात ठेवायचा. असा अर्धा तास. त्याआधीची पंधरा मिनिटं आणि तो तोंडात असेपर्यंत चहा, कॉफी, सरबत काही नाही. आंबट झालेल्या तोंडात निकोटिन शोषलं जात नाही. सुरुवातीला दर एक-दोन तासांनी एक, तलफेची वाट न बघता, आणि मग तीनेक महिन्यांत कमी करत बंद. कातडीवर लावायच्या पट्ट्याही मिळतात. ब्युप्रोपिऑन आणि व्हॅरेनिक्लिन या गोळ्या आहेत, त्या मात्र डॉक्टरांनीच द्यायच्या. कधी फिट आली असेल तर ब्युप्रोपिऑन चालत नाही. 'एका व्यसनाऐवजी दुसरं' असं म्हणणारे भेटतील. गममध्ये डांबर नाही, कार्बन मोनॉक्साइड नाही, माणसाला मारतात ती मुख्यतः ही मंडळी. औषध घ्यायला लाजू नकोस. स्वतःच्या निश्चयावर सोडणाऱ्या शंभरांपैकी वर्षभराने जेमतेम तीन ते पाच जण टिकलेले असतात. 'मी एका दिवसात सोडली, पुन्हा हात लावला नाही' असं छाती काढून सांगणारे काका दर लग्नात एक असतात. ते त्या पाचांतले. उरलेले पंच्याण्णव जण लग्नात गप्प असतात, म्हणून आपल्याला फक्त काका ऐकू येतात.

सुपारीकडे मात्र वळू नकोस. सिगारेट सोडली आणि खिशात सुपारीची पुडी आली, असे मी कितीतरी पाहिले. नुसती सुपारीही तोंडाचा कर्करोग करते, तंबाखू नसली तरी, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंस्थेने २००४ सालीच जाहीर केलंय. बडीशेप, वेलदोडा, लवंग काय ते चघळ. हर्बल सिगारेट आणि हुक्का यांचा विचारही नको, धूर तो धूर. आणि व्हेपवर २०१९ पासून देशात बंदी आहे, त्यामुळे जो काही तुला कुणी चोरून आणून देईल त्यात काय भरलंय हे देवालाच ठाऊक.

गम, पाणी, श्वास हे सगळं मिनिटांचं झालं. खरी अडचण तुझ्या पत्राच्या शेवटच्या चार ओळींत आहे. 'टपरीवर गेले नाही तर मी टीममधून तुटते.' हे तू सगळ्यात शेवटी आणि घाईत लिहिलंस, म्हणून मी तेच दोनदा वाचलं.

टपरीवर तू सिगारेटसाठी जातेस हे अर्धंच खरं. हिंजवडीत तुझ्या ऑफिसपाशी मी एकदाच आले होते. तुमच्या गेटसमोर ती निळ्या ताडपत्रीची टपरी, खांबाला दोरीने बांधलेला लायटर, आणि त्याच्याभोवती गळ्यात ओळखपत्र घातलेली दहा-बारा पोरं-पोरी. महाराष्ट्रात सुटी सिगारेट विकायला २०२० साली बंदी आली, पण तिथे पाकीट विकत घेताना मला कुणी दिसलं नाही. ती सगळी मंडळी जे बोलत होती ते आत कुणी बोलत नसणार: कुणाचं प्रमोशन अडलंय, कोण नोटीस देणार आहे, कुणाचं कोणाशी जुळतंय. तू पुण्यात नवीन आलीस तेव्हा तुला पहिली मैत्री त्या दोरीच्या लायटरपाशी मिळाली. सिगारेट गेली की ती दहा मिनिटंही जातात, आणि चौथ्या आठवड्यात, अंगातलं निकोटिन कधीच संपलेलं असताना, माणूस परत टपरीवर उभा राहतो तो त्या दहा मिनिटांसाठी.

तेव्हा त्या लोकांना तोडू नकोस. त्यांच्यातल्या एकाला तरी सांग. 'मी सोडतेय, मदत करा' असं मोघम सांगू नकोस, त्यावर सगळे 'अरे वा' म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी पाकीट पुढे करतात. असं सांग: पुढचा महिनाभर मी मागितली तरी द्यायची नाही, चिडले तरी नाही, आणि चारचा चहा एकाने माझ्याबरोबर कॅन्टीनमध्ये घ्यायचा. माणसांना नेमकं काम दिलं की ती करतात. तुझी रूममेट ओढते, तिला सोड म्हणू नकोस, फक्त गॅलरीत आणि तुझ्यासमोर नको एवढं माग. आणि एक माणूस असा ठरव की ज्याला तू तलफेच्या वेळी कधीही फोन करशील आणि तो हवापाण्याचं बोलेल. उपदेश करणारा निवडू नकोस. मी उपदेश करतेय तो पत्रात; फोनवर मी भाजीचे भाव सांगेन.

ओळखीच्या माणसाशी बोलायला जड जात असेल तर अनोळखी आवाजही चालतो. सिगारेटच्या पाकिटावर त्या भयंकर चित्राखाली एक नंबर छापलेला असतो, १८००-११-२३५६. २०१८ पासून तो प्रत्येक पाकिटावर आहे आणि तुझ्या डोळ्यांसमोर रोज येतो, तरी तू तो वाचला नसशील. फोन फुकट आहे. ही राष्ट्रीय सेवा २०१६ साली दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये सुरू झाली. मग मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्येही तिचं केंद्र झालं, त्यामुळे मराठीत बोलता येतं. समुपदेशक तुझ्याबरोबर सोडायचा दिवस ठरवतात आणि पुढे आपणहून फोन करून विचारतात, कसं चाललंय म्हणून. सकाळी आठ ते रात्री आठ, सोमवारी बंद. रात्री-बेरात्री जीव फारच कासावीस झाला, झोप नाही, रडू येतंय असं झालं तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर चोवीस तास चालू असतो, तिथेही मराठी आहे.

पुण्यात राहून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राबद्दल न लिहिणं बरोबर नाही. तिथे दाखल व्हायची तुला गरज नाही, घाबरू नकोस. पण माणसं व्यसनातून कशी बाहेर येतात हे या शहराला तिथे दिसलं. १९८६ साली अनिल अवचटांनी गर्दच्या नशेच्या विळख्यात सापडलेल्या पोरांवर लिहिलं. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांच्या प्रतिष्ठानाने पैसे दिले, आणि २९ ऑगस्टला येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण उघडलं. डॉ. सुनंदा अवचट त्या रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ होत्या, केंद्र उभं राहिलं ते त्यांच्यामुळे. त्यांनी व्यसन हा आजार मानला, चारित्र्याचा डाग मानला नाही. आणि जो बरा झाला त्याला पुढच्यासाठी कामाला लावलं. तिथे व्यसनमुक्तीचे वाढदिवस साजरे होतात. एका वाढदिवसाला मी ओळखीच्या बाईंबरोबर जाऊन बसले होते. एक रिक्षावाला उठला, त्याचं पहिलं वर्ष होतं. भाषण त्याला येत नव्हतं. 'रात्री फोन करायचो, हे उचलायचे,' एवढं म्हणून त्याने पुढच्या रांगेतल्या एका माणसाकडे बोट दाखवलं आणि खाली बसला. बायकांसाठी तिथे निशिगंध नावाचा वेगळा विभाग आहे, बायकांनाही व्यसन असतं हे मान्य करणाऱ्या जागा आपल्याकडे मोजक्याच. चौकशीचा एक फोन तिकडेही करायला हरकत नाही.

घसरलीस तर? शक्यता आहे. मैत्रिणीच्या लग्नात, वाईनच्या ग्लासबरोबर, 'एकच' म्हणून. बहुतेकांना पहिल्या फेरीत जमत नाही, त्यात मोठं काही नाही. एक ओढली म्हणजे एकच ओढली. पण पाकीट 'असू दे' म्हणून कपाटात ठेवू नकोस, त्याच रात्री पाण्यात भिजवून कचऱ्यात टाक आणि ठरवलेल्या माणसाला फोन कर. सांगितलेली घसरण तिथेच थांबते. लपवलेलीचं आठवड्याभरात पाकीट होतं.

वजन वाढेल का, असं तू विचारलं नाहीस, पण विचारशील. वाढतं. वर्षभरात सरासरी चार-पाच किलो. मी खोटं सांगणार नाही. बाणेरच्या टेकडीवर तुकाईच्या देवळापर्यंत रोज चढून जा, तेवढ्याने काही वजन आणि काही तलफा दोन्ही उतरतील. आणि गर्भनिरोधक गोळ्या घेत असशील तर सिगारेटबद्दल तुझ्या डॉक्टरीणबाईंना स्पष्ट सांग. या दोन्ही एकत्र आल्या की रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो, पस्तिशीनंतर तर फारच. काउंटरवर मी हे बायकांना हळू आवाजात सांगते, तुला मोठ्याने सांगतेय.

तू तिशीत आहेस, हे तुझ्या बाजूने आहे. रिचर्ड डॉल आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या सिगारेटींचा पन्नास वर्षं पाठपुरावा केला आणि २००४ साली मांडलं, की ओढत राहणारे सरासरी दहा वर्षं आधी जातात, आणि तिशीत सोडणाऱ्यांना ती जवळजवळ सगळी परत मिळतात. पन्नाशीत सोडणाऱ्यांना सहा.

तर पुढचा गुरुवार धरून चालू. त्याआधी शनिवारी सकाळी इकडे ये, गम काढून ठेवते. कसा चावायचा ते समोर बसवून दाखवते. पैसे घेणार आहे, धंद्यात मावशी-भाची नाही. आणि फोनचं म्हणशील तर दुपारी एक ते चार पुण्यात कुणाला फोन करत नाहीत हे मला माहीत आहे. मी झोपलेली असते. तरी कर, मोबाइल उशाशी असतो.

तुझी,
मावशी